ग्रहतारे सर्वांसाठी खुले करणारा कारागीर

वेधशाळेत आकाशदर्शनासाठी रांग लागते, तेव्हा जॉन ब्रॅशर यांची आठवण व्हायला हवी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८४० साली त्यांचा जन्म झाला. नऊ वर्षांचे असताना आजोबांनी त्यांना एका फिरत्या दुर्बीणवाल्याकडे नेले. पैसे मोजून पाहिलेली शनीची कडी त्यांच्या मनातून कधीच गेली नाहीत.

पुढे ते पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात यंत्रे दुरुस्त करू लागले. दिवसभर तिथे राबायचे आणि रात्री घरामागच्या कोळशाच्या खोलीत पत्नी फीबी यांच्यासह भिंग घासायचे. पाच इंची भिंगाला तीन वर्षे लागली. दुर्बीण तयार होताच शेजारीपाजारी आकाश पाहायला येऊ लागले. नंतर घडवलेला बारा इंची आरसा चांदीचा मुलामा देताना तडकला. त्यांनी दुसरा आरसा घडवला, मुलाम्याची अधिक खात्रीची पद्धत बसवली आणि पेटंट न घेता ती जाहीर करून टाकली.

तिथली अ‍ॅलेघेनी वेधशाळा १८५९ मध्ये हौशी नागरिकांनी सुरू केली होती. तिच्या नव्या इमारतीसाठी ब्रॅशर यांनी सुमारे तीन लाख डॉलर जमवले. मात्र १३ इंची जुनी दुर्बीण जनतेला विनामूल्य पाहता यावी, हा त्यांचा आग्रह होता. १९१२ मध्ये ही इमारत खुली झाली. १९२० मध्ये ब्रॅशर वारले. त्यांच्या आणि फीबी यांच्या अस्थी वेधशाळेच्या तळघरात आहेत. वर घुमटाखाली लोकांना आजही आकाश मोफत दाखवले जाते.