सँडहर्स्ट रोडवाला सँडहर्स्ट

हार्बर लाइनने सीएसएमटीकडे जाताना मस्जिदच्या आधी सँडहर्स्ट रोड लागतं. फर्स्ट इयरला असताना माझी ठाम समजूत होती की इथे पूर्वी गोऱ्यांची छावणी असणार. कॉन्व्हेंटमध्ये सँडहर्स्ट म्हणजे इंग्लंडची मिलिटरी अकॅडमी एवढंच शिकवलेलं! नंतर कळलं की हे एका माणसाचं नाव आहे. माझ्या आजीचं माहेर परळच्या बीआयटी चाळीत, आणि त्या चाळींशीही याच माणसाचा संबंध. मग मात्र गप्प बसवेना.

विल्यम मॅन्सफिल्ड हे त्याचं खरं नाव, जन्म २१ ऑगस्ट १८५५. वडिलांचं नावही विल्यम मॅन्सफिल्डच. ते १८५७ च्या उठावाच्या वेळी सर कॉलिन कॅम्पबेलचे चीफ ऑफ स्टाफ होते, पुढे मुंबईच्या फौजेचे आणि मग सगळ्या हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती झाले. १८७१ मध्ये त्यांना बॅरन सँडहर्स्ट हा किताब मिळाला. पोरगा रग्बीला शिकला, १८७३ मध्ये कोल्डस्ट्रीम गार्ड्समध्ये भरती झाला. १८७६ मध्ये वडील वारले आणि ऐन एकविशीच्या सुमारास हा लॉर्ड झाला. (आपण त्या वयात केटी काढत असतो.) १८७९ मध्ये फौज सोडली. लग्न स्पेन्सर घराण्यात, म्हणजे बायको पुढच्या प्रिन्सेस डायनाच्या पणजोबांची बहीण. ग्लॅडस्टनच्या लिबरल पक्षाकडून युद्धखात्यात उपमंत्री झाला आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर. तेव्हा वय होतं ३९.

इथवर सगळं सरळ. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पटकी लोकांना ठाऊक होती, हे दुखणं नवीन होतं. घाबरून लोक मिळेल त्या गाडीने, बोटीने गावाकडे निघाले. काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं, गिरण्यांना माणसं मिळेनात. पेशंटला जबरदस्तीने उचलून नेतात म्हणून ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्लासुद्धा केला. त्यांना दोष कसा द्यायचा? आत गेलेला माणूस बहुतेक वेळा परत येत नव्हता.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. हो, तोच! २०२० मध्ये आपण दहावी-अकरावीची वयं घरात बसून काढली, तेव्हाही सरकारने हाच कायदा वापरला होता. कायदा व्हाइसरॉयच्या सरकारचा, पण इथे राबवायची जबाबदारी सँडहर्स्टची. मुंबईत त्याने जनरल गॅटेकरला नेमलं आणि पुण्यात रँडला. पुण्यात गोरे सोल्जर घराघरात शिरले, देवघरं-माजघरं पाहिली नाहीत, सामान जाळलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा सोहळा होता. तिथून परतताना चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या. म्हणजे हा प्रकार गव्हर्नरच्याच घरच्या समारंभानंतर, त्याच्या दारापासून थोड्या अंतरावर घडला.

यानंतर सँडहर्स्टमधला सोल्जर जागा झाला असं मला वाटतं. नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय डांबलं. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला, सप्टेंबरमध्ये अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. गंमत म्हणजे टिळक त्या वेळी मुंबई कायदेमंडळाचे निवडून आलेले सभासद होते, म्हणजे याच गव्हर्नरच्या कौन्सिलातले! माणूस मुळात लिबरल पक्षाचा, तरी लेखांसाठी संपादकाला तुरुंगात टाकलं. हे काही केल्या माफ करता येत नाही.

पण सिव्हिलचा स्टुडंट म्हणून दुसरी बाजूही दिसते. प्लेग दाटीवाटीत पसरतो, घरांत उजेड-वारा नाही, गटारं तुंबलेली, हे त्याच्या सरकारला पटलं आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्ती फोडून चौपाटीपासून डोंगरीकडे रस्ता काढला, तो सँडहर्स्ट रोड, आता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. समुद्रावरचा वारा आतल्या गल्ल्यांत न्यायचा, हा त्यामागचा हिशोब. दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, आपण सबमिशन टाळून जिथे बसतो ते फाइव्ह गार्डन्स, सगळं ट्रस्टचंच प्लॅनिंग. गरिबांसाठी बीआयटी चाळी पुढे बांधल्या. परळच्या चाळीत डॉ. आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले. अर्थात जितक्यांची घरं पाडली तितक्यांना खोल्या मिळाल्या नाहीत, हेही खरं. रस्ता आधी, माणूस नंतर, हे तेव्हापासूनचं आहे.

परळचंच आणखी एक. हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्याच्या प्रयोगशाळेला परळचा गव्हर्नरांचा जुना बंगला मिळाला आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी सँडहर्स्टनेच तिचं उद्घाटन केलं. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

फेब्रुवारी १९०० मध्ये, गुजरात-दख्खनेत मोठा दुष्काळ चालू असताना, त्याची मुदत संपली आणि तो विलायतेला परतला. १९१२ पासून तो राजाचा लॉर्ड चेंबरलेन होता. लंडनच्या रंगभूमीवर कुठलं नाटक होऊ द्यायचं हे त्या ऑफिसात ठरायचं, म्हणजे तिथेही पुन्हा लिहिणाऱ्यांवर नजर! १९१७ मध्ये व्हायकाउंट झाला, २ नोव्हेंबर १९२१ ला वारला. मुलगा नव्हता, त्यामुळे व्हायकाउंटपद त्याच्याबरोबरच संपलं. बॅरनपद भावाकडे गेलं.

जुलै २०२४ मध्ये विधिमंडळाने काही स्टेशनांची नावं बदलायचा ठराव केला. त्यात सँडहर्स्ट रोडचं डोंगरी करायचं म्हटलंय. आजीला हे सांगितलं, तर तिने फक्त एवढंच विचारलं की मग आमच्या बीआयटी चाळीला आता काय म्हणायचं.