सधन घरची सून रुपेरी पडद्यावर

मुंबईच्या लाड कुटुंबात १९०५ साली जन्मलेल्या दुर्गाबाई सधन खोटे घराण्याच्या सून झाल्या. पुढे सासरची आर्थिक घडी विस्कटली आणि दोन मुलांच्या या आईला अर्थार्जनाची वाट शोधावी लागली. कुलीन स्त्रीने चित्रपटात जाणे तेव्हा निषिद्धच. १९३१च्या ‘फरेबी जाल’मधील छोट्या भूमिकेने टीकाच पदरी पडली, पण पुढच्याच वर्षी ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’तील तारामतीने ती पार पुसून टाकली. ऐन उमेदीत वैधव्य आले, काम मात्र थांबले नाही. १९३७मध्ये ‘साथी’ची निर्मिती व दिग्दर्शन त्यांनीच केले. नायिकेचे वय सरताच आईच्या भूमिका स्वीकारल्या. ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाई त्यांतलीच. घरोघरी दूरचित्रवाणी आल्यावर त्यांच्याच संस्थेने ‘वागळे की दुनिया’ साकारली.