विलायतेतील एक मराठी अध्यापिका

सातारा व सांगली येथील लोकांस परदेशी शिक्षकांचा परिचय जुना आहे. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही ठिकाणी अमेरिकन मिशनांची ठाणी बसली, शाळा निघाल्या, आणि परमुलखात राहून, परकी भाषा तोंडात घोळवीत आमच्या मुलांस शिकविणारी माणसे आमच्या वडीलमंडळींनी पाहिली. परंतु त्याच काळी आमच्याकडील एक तरुण विधवा उलट दिशेने समुद्र ओलांडून इंग्रज लोकांस मराठी व संस्कृत शिकवीत होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. केडगावच्या मुक्तिसदनाच्या संस्थापिका म्हणून पंडिता रमाबाईंचे नाव सर्वश्रुत आहे. त्यांच्या आयुष्यातील विलायतेची ही जेमतेम तीन वर्षेच आम्ही येथे निवडली आहेत.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने ते लेकीस दिले. पुढे दुष्काळात आईबाप गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीची परीक्षा घेऊन तिला सरस्वती ही पदवी दिली. १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले, तेव्हा कन्या मनोरमा एक वर्षाचीही झाली नव्हती. बाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि मिस हरफर्ड यांजपाशी इंग्रजीचा अभ्यास आरंभिला. वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडास जावे हे मनात होते, पण पैसा कोठून यावा? त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या उत्पन्नातून प्रवासाचा खर्च भागविला. दुसऱ्याच्या पैशावर न जाण्याचा हा हट्ट आम्हांस विशेष वाटतो, कारण पुढील सारे प्रसंग याच स्वभावातून निघाले.

१८८३ च्या मे महिन्यात त्या वाँटेज गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात उतरल्या. या भगिनींची शाखा पुण्यास होती. करार सरळ होता. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींस रमाबाईंनी मराठी शिकवावी, आणि त्याबदल्यात त्यांस निवारा, अन्न व इंग्रजीचे शिक्षण मिळावे. वेतन काही नाही. सकाळी ज्यांस मराठी पढवायची, त्यांच्याच घरी दुपारी आपण इंग्रजीचे विद्यार्थी व्हायचे, असे ते जिणे होते. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा त्याच वर्षी तेथे शोचनीय अंत झाला. त्यातच रमाबाईंस कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकाचा विचार सोडावा लागला. ज्यासाठी एवढा प्रवास केला तेच हातचे गेले. त्या सप्टेंबरात त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात त्यावर मोठे वादळ उठले. त्याची हकीकत निराळी आहे.

धर्म बदलला, पण ताट बदलले नाही. रमाबाई शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेले पुडिंगही त्या घेत ना. सिस्टर जेराल्डीन यांस यात ब्राह्मणपणाचा जुना अभिमान दिसे. रमाबाईंचे म्हणणे असे की, ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रज होणे नव्हे. गळ्यातील क्रूसावरील लॅटिन अक्षरांवरूनही असाच वाद झाला. जी भाषा आपल्या देशबांधवांस कळत नाही ती कशाला, तेथे संस्कृत का नसावे, असा त्यांचा प्रश्न होता. घरापासून दूर राहून ज्याने कोणी परक्याचे अन्न खाल्ले आहे, त्यास या लहान गोष्टींचे मोल कळेल.

१८८४ साली त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात गेल्या. तेथील प्रमुख मिस डोरोथिया बील या स्वतः मोठ्या शिक्षिका. रमाबाई तेथे संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, शास्त्र व इंग्रजी वाङ्मय शिकत. मनोरमा मात्र वाँटेजला राही. सिस्टर जेराल्डीन यांस ती पोर आजीबाई म्हणे. तीन वर्षांची लेक दुसऱ्या गावी ठेवून दुसऱ्यांच्या मुलींस शिकविणे हे सोपे नव्हते, आणि मुलीस काय शिकवावे यावरूनही पुढे मतभेद झाले.

रमाबाईंनी काही तरुण पुरुषांसही शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा लाहोर व मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर याचा बोभाटा होईल, अशी त्यांस भीती. रमाबाई दुखावल्या. ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या सभा गाजविल्या व १८८२ साली पुण्यात हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, तिला आता पुरुषांसमोर बोलू नये असे सांगितले जात होते, आणि तेही स्त्रीस मोकळीक देणाऱ्या देशात! आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा ताबा आपण कोणाच्याही हाती देणार नाही, असे त्यांनी कळविले. आश्रयदात्यांचे ऋण त्या जाणत होत्या, पण ऋण म्हणजे दास्य हे त्यांस मान्य नव्हते. बिशपांचा हेतू वाईट नसेल. तथापि या वादात आमचे मन रमाबाईंच्या बाजूने झुकते.

१८८६ च्या आरंभी मनोरमेसह त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथे ११ मार्च रोजी डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ होता. थोडे दिवस राहण्याचा बेत वाढत गेला. तेथे त्यांनी किंडरगार्टनची पद्धत अभ्यासिली, आणि बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत शारदा सदन उघडले. तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाली.

रमाबाई १९२२ साली केडगावी वारल्या. वाँटेज व चेल्टनहॅम येथील वादांची पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेविली होती. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती १९७७ साली छापून काढली. पत्रे इंग्रजीत आहेत. जी भाषा रमाबाई त्या मठात शिकल्या, तीत त्यांनी आपल्या शिक्षकांस उत्तरे दिली होती.