सर्पगंधेचा हिशेब ठेवणारा डॉक्टर

सेरोटोनिन हा शब्द आता घराघरांत पोचला आहे. कोणी उदास असले, कोणाची झोप उडाली, की लगेच सल्ला मिळतो, सेरोटोनिन कमी झाले असेल! पण या रसायनाचे मेंदूतले काम उलगडण्याच्या कथेत परळच्या केईएम रुग्णालयातील एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील. गंमत अशी, की ते सेरोटोनिन शोधतच नव्हते. त्यांना हवे होते वाढलेल्या रक्तदाबावरचे औषध.

डॉ. वकील यांचा जन्म 1911 सालचा, पारशी कुटुंबातला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईला परतले आणि केईएममध्ये हृदयरोगाच्या रुग्णांवर उपचार करू लागले. तेव्हा रक्तदाब मोजण्याचे यंत्र होते, पण मोजलेला दाब खाली आणणारे भरवशाचे औषध नव्हते. विश्रांती, बिनमिठाचे जेवण, गुंगीच्या गोळ्या, फार तर मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेही वर्षानुवर्षांच्या अतिरक्तदाबामुळे. जगातले नामवंत वैद्य हाताशी असूनही कोणाचे काही चालले नाही. मग परळच्या चाळीतल्या गिरणी कामगाराची काय कथा?

अशा वेळी डॉ. वकील यांचे लक्ष एका देशी मुळीकडे गेले. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतके वापरात होती, सर्पदंशावर, झोप न येण्यावर आणि वेडावरही. 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असे नोंदवले होते. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी या मुळीतून काही रासायनिक द्रव्ये वेगळी काढली. तिच्या गोळ्याही बाजारात आल्या होत्या. अनेक डॉक्टर त्या देत होते. पण त्यांचा नेमका हिशेब कोणी जगापुढे ठेवला नव्हता.

तो ठेवला डॉ. वकील यांनी. मुळी आपली आहे म्हणून ती गुणकारीच असणार, असे त्यांनी गृहीत धरले नाही आणि जुनी आहे म्हणून ती झिडकारलीही नाही. बरीच वर्षे रुग्णांवर तिचा अनुभव घेतल्यावर त्यांनी अतिरक्तदाबाच्या 50 रुग्णांची पद्धतशीर पाहणी केली. औषधापूर्वीचा दाब आणि नंतरचा दाब यांची आकड्यांनिशी तुलना केली, दुष्परिणामही नोंदवले. 1949 साली हा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला आणि सर्पगंधेकडे पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष वळले.

बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी आपल्या रुग्णांना देऊन पाहिली. दाब उतरत होताच, पण रुग्ण शांतही होत होते, आणि तेही गुंगी न येता. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे काढले आणि त्याला रिसर्पिन नाव दिले. न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरले. रक्तदाबाचे औषध असे मनोरुग्णालयात शिरले.

दरम्यान क्लीव्हलँडमध्ये दुसरे काम चालू होते. रक्त गोठल्यावर त्यात रक्तवाहिन्या आकुंचित करणारा कोणता पदार्थ येतो, याचा शोध मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज घेत होते. 1948 मध्ये त्यांनी तो वेगळा केला आणि त्याला सेरोटोनिन म्हटले. इटलीत व्हिट्टोरिओ एर्स्पामेर यांना आतड्यात सापडलेला पदार्थही हाच, हे पुढे सिद्ध झाले. 1953 मध्ये बेटी ट्वारोग आणि पेज यांनी तो मेंदूतही असल्याचे दाखवले. पण मेंदूत त्याचे काम काय?

याचा धागा सर्पगंधेने दिला. 1955 च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की रिसर्पिन दिले की प्राण्यांच्या शरीरातील सेरोटोनिन साठ्यांतून बाहेर पडते, मेंदूतला साठा रिता होतो आणि लघवीत त्याचा टाकाऊ अंश वाढतो. मनावर परिणाम करणारे औषध आणि मेंदूतले मोजता येणारे रसायन यांची अशी सांगड बसली. पुढे रिसर्पिन नॉरअॅड्रिनलिन आणि डोपामिनचे साठेही रिकामे करते, हे कळले.

1957 साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्यात त्यांच्यासोबत क्लाइनही होते. 1958 मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिले. 1969 मध्ये त्यांच्या संपादनाखाली निघालेला वैद्यकशास्त्राचा ग्रंथ पुढे नव्या आवृत्त्यांच्या रूपाने विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांच्या हाती राहिला. 1974 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मुळीला दुसरी बाजूही होती. मोठ्या मात्रेत रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होत असल्याच्या नोंदी आल्या. त्यावरून सेरोटोनिनसारखी रसायने कमी झाली की औदासीन्य येते, हा विचार रुजला. या विचारातून औषधे निघाली. 1987 मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. मात्र औदासीन्याचे कारण इतके सरळ नाही, हे आता स्पष्ट झाले आहे. सेरोटोनिन कमी म्हणजे उदासी, असे समीकरण पुराव्यावर टिकत नाही. तरीही ही औषधे अनेकांना उपयोगी पडतात, म्हणून डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नयेत.

शरीरातला सेरोटोनिनचा कारभारही समजून घेण्याजोगा आहे. डाळी, दूध, अंडी यांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून ते बनते. त्यातले सुमारे 90 टक्के आतड्यात असते आणि तिथे ते अन्न पुढे सरकवण्यास मदत करते. रक्तातले सेरोटोनिन बिंबिका साठवून ठेवतात, जखम झाली की रक्त थांबवायला. मेंदूच्या वाट्याला अगदी थोडे येते, आणि तेही मेंदूला स्वतः तयार करावे लागते, कारण रक्तातले सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही. काम संपले की त्याचे विघटन होऊन टाकाऊ अंश लघवीवाटे जातो. 24 तासांची लघवी गोळा करून हा अंश मोजतात, तो प्रामुख्याने आतड्यातल्या एका प्रकारच्या गाठीच्या निदानासाठी. त्या दिवसांत केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड वर्ज्य असतात, कारण त्यांनी आकडा फुगतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. रक्तातल्या सेरोटोनिनच्या आकड्यावरून कोणाच्या मनाची अवस्था ठरवता येत नाही. तो आकडा पाहून घरातल्या उदास माणसाला काही झाले नाही असे म्हणू नये, आणि त्याला घाबरवूही नये. त्याच्याशी बोलावे, त्याला डॉक्टरांकडे न्यावे. सर्पगंधेचे चूर्ण तर आपल्या मनाने कधीच घेऊ नये. जंगलातून बेसुमार उपटली गेल्याने या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1990 पासून नियंत्रण आहे, हेही लक्षात ठेवावे.

गोंदियाजवळच्या बिरसीत काय किंवा मुंबईत काय, आज रक्तदाब मोजून घेणे ही साधी गोष्ट झाली आहे आणि तो उतरवायला सर्पगंधेहून सुरक्षित गोळ्या मिळतात. डॉ. वकील यांची मुळी मागे पडली, त्यांची शिस्त मात्र मागे पडलेली नाही. जुन्या गोष्टीवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, तिचा तिटकाराही करायचा नाही, मोजून पाहायचे, आणि मोजलेला आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे ओळखायचे.