सत्तावीस वर्षांची तयारी

लष्करात वाढलेल्या मुलाला किल्ल्याची ओळख करून द्यावी लागत नाही. गच्चीवर चढले की तो दिसतो, आणि पहिल्यांदा वर केव्हा गेलो हे आठवू नये इतक्या लहानपणी आपण कोणाच्या तरी बोटाला धरून तेथे जाऊन आलेलो असतो. जिनिव्हा शहरातील मुलांनाही असाच एक शेजारी लाभला आहे. आकाश निवळले म्हणजे सुमारे ७० किलोमीटरवरचा एक पांढराशुभ्र पर्वत शहरातून स्पष्ट दिसतो. त्याचे नाव माँ ब्लाँ. या फ्रेंच नावाचा अर्थ पांढरा पर्वत, म्हणजे आपल्या भाषेत धवलगिरीच. मात्र अडीचशे वर्षांपूर्वी या पर्वतावर कोणाच्या बोटाला धरून जाण्याची सोय नव्हती. कारण तेथे जाऊन आलेला माणूसच नव्हता.

हे आठवण्याचे निमित्त घरगुती आहे. नई सडकेवर आमच्याकडे गाणे शिकायला येणारा एक तरुण यंदा हिमालयातील एका बर्फाच्छादित शिखरावर वाटाड्यांच्या सोबतीने जाणार आहे. गेले दोन महिने त्याच्या वहीत तानांच्या शेजारी तंबू, दोर, शिधा आणि मुक्काम यांच्या याद्या चढत आहेत. त्याच्या आजींना दोन गोष्टी उमजत नाहीत. चार दिवसांच्या चढाईला महिनोनमहिने तयारी कशाला, ही एक. आणि परक्या वाटाड्याच्या भरवशावर जीव कसा टाकायचा, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचे निरसन करण्याइतका आमचा अधिकार नाही. परंतु ज्याच्या चरित्रात या दोन्ही शंकांची उत्तरे सापडतात, त्या होरेस बेनेडिक्ट द सोस्यूर या जिनिव्हाच्या विद्वानाची हकीगत सांगता येईल.

सोस्यूरचा जन्म १७ फेब्रुवारी १७४० रोजी जिनिव्हाजवळ कोंश येथे झाला. घराणे खानदानी आणि सुस्थितीतले. शार्ल बोने हा नामांकित निसर्गशास्त्रज्ञ त्याच्या आईच्या नात्यातला. त्यामुळे झाडापानांचा अभ्यास घरातच सुरू झाला. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी तो जिनिव्हाच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अध्यापक झाला. त्या काळी तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाने पदार्थविज्ञानही शिकवावे अशी रीत होती. १७६७ साली त्याने काचेची तावदाने लावलेली एक पेटी तयार करून उन्हाची उष्णता तीत कशी साठते ते दाखविले. आजच्या सौरचुलीची ती पणजीच म्हणावी. हवेतील ओलावा मोजण्यासाठी माणसाचा केस वापरणारे उपकरणही त्याचेच. असा हा मोजमापाचा नाद असलेला माणूस होता.

१७६० साली, वीस वर्षांचा असताना, वनस्पती गोळा करीत तो माँ ब्लाँच्या पायथ्याच्या शामोनी खोऱ्यात गेला. हा मुलूख तेव्हा सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखाली होता. आज तो फ्रान्समध्ये मोडतो. तेथे उभे राहून त्याने शिखराकडे पाहिले आणि खोऱ्यात जाहीर केले की, जो कोणी वर जाण्याची वाट शोधून काढील त्यास मोठे बक्षीस मिळेल. बक्षिसे लावणारे धनिक जगात पुष्कळ असतात. सोस्यूरने त्यात एक कलम अधिक घातले. ज्यांचा प्रयत्न फसेल त्यांच्याही बुडालेल्या दिवसांची मजुरी तो भरून देणार होता. माघारी येणाऱ्याचे नुकसान होऊ नये, ही या मोहिमेच्या आखणीतील पहिली शहाणपणाची गोष्ट. ज्याला परत फिरले तरी पोटाला मिळणार आहे, तोच वाटाड्या वेळेवर परत फिरतो.

तरीही पंचवीस वर्षे वाट सापडली नाही. याचे कारण केवळ उंची नव्हे. शामोनी गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३५ मीटरवर, आणि शिखर ४,८०० मीटरच्या वर. मधली वाट हिमनदीवरून जाते. हिमनदी म्हणजे शेकडो वर्षांचे दडपलेले बर्फ. ते स्वतःच्या भाराने उताराकडे सरकत असते आणि सरकताना त्यात खोल भेगा पडतात. वरच्या भुसभुशीत बर्फाने त्या झाकल्या गेल्या म्हणजे डोळ्यांना दिसत नाहीत. पहाटे गोठलेला हा पूल माणसाचा भार सोसतो. दुपारच्या उन्हात तोच पूल दगा देतो. यामुळे एका दिवसात जाऊन येणे अशक्य, आणि बर्फावर रात्र काढणारा सकाळ पाहत नाही, असा खोऱ्यातील लोकांचा ठाम समज. माणसे अर्ध्यावरून परत येत, ती या भीतीने. १७८५ च्या सप्टेंबरात सोस्यूर स्वतः निघाला. वाटाड्यांनी आधी जाऊन दगडांची एक खोपटी बांधून ठेवली होती. परंतु नव्या बर्फाने वाट बुजविली आणि त्यालाही मागे फिरावे लागले.

त्या समजुतीची गाठ सुटली ती १७८६ च्या जूनमध्ये. स्फटिक गोळा करून विकणारा जाक बाल्मा नावाचा शामोनीचा तरुण वरच्या बर्फाच्या पठारावर एकटा अडकला, रात्रभर तेथेच राहिला, आणि सकाळी धडधाकट खाली आला. बर्फावरची रात्र प्राण घेतेच असे नाही, हे सिद्ध झाले. पुढे ८ ऑगस्ट १७८६ रोजी, तिन्हीसांजेच्या सुमारास, बाल्मा आणि गावचा डॉक्टर मिशेल गाब्रियेल पाकार हे दोघे शिखरावर पोहोचले. डॉक्टरने वायुभारमापक बरोबर नेला होता. बर्फाच्या चकाकीने त्याचे डोळे दुखावले ते वेगळेच. शामोनीतून गेर्सडॉर्फ नावाचा एक जर्मन सरदार दुर्बिणीतून हे सारे पाहत होता आणि टिपणे करीत होता. या टिपणांचे काम पुढे पडणार आहे, म्हणून येथेच नोंदवून ठेवू.

बाल्माला बक्षीस मिळाले. वाट सापडली म्हणताच सोस्यूर त्याच महिन्यात शामोनीत हजर झाला; पण पाऊस लागला आणि तो घरी परतला. दुसऱ्या वर्षी जुलैच्या प्रारंभी तो कुटुंबासह पुन्हा तेथे आला. बाल्माने आणखी दोघांना घेऊन ५ जुलै १७८७ रोजी वाट पुन्हा तपासून घेतली होती. तरी हवेने जवळजवळ चार आठवडे अडवून धरले. सोस्यूर थांबला. पैसा होता, माणसे तयार होती, वय सत्तेचाळीस झाले होते, आणि तरीही आभाळ निवळेपर्यंत त्याने पाऊल उचलले नाही.

त्याची आखणी आजही कोणी पाहून घ्यावी अशी होती. बरोबर अठरा वाटाडे आणि एक नोकर. त्यांच्या पाठीवर तंबू, शिडी, दोर, लांब काठ्या, शिधा, बर्फ वितळवून पाणी करण्यासाठी कोळशाची शेगडी, आणि काळजीपूर्वक बांधलेली उपकरणे. डोळ्यांसाठी काळ्या झिरझिरीत कापडाचे पडदे. मुक्कामांचा हिशेबही बारकाईने केलेला: पहिली रात्र हिमनदीच्या कडेच्या खडकांवर, म्हणजे पायाखाली भक्कम जमीन, बर्फावर मुक्काम एकच, तो दुसऱ्या रात्रीचा. सोस्यूर शिखरावर ज्या वेळी हवेचा दाब मोजील, त्याच वेळी त्याचा मुलगा शामोनीत आणि एक स्नेही जिनिव्हात मोजणार होता. वरचा आकडा खालच्या आकड्यांशी ताडून पाहिल्याखेरीज उंची निघत नाही.

१ ऑगस्ट १७८७ रोजी मंडळी निघाली. भेगा आल्या तेथे शिडी आडवी टाकून, आणि उतार आले तेथे दोन वाटाड्यांनी काठीची दोन टोके धरून कठडा करून, त्यांनी आपल्या विद्वान यजमानाला पार नेले. दुसऱ्या रात्री सुमारे ३,९०० मीटरवर बर्फ खणून तंबू ठोकला. एरवी दिवसभर राबणारे ते धट्टेकट्टे लोक चार फावडी मारताच धापा टाकू लागले. विरळ हवेचा हा पहिला धडा. एका तंबूत वीस माणसे, तहान अनावर, आणि शेगडीवर थेंबथेंब पाणी. ३ ऑगस्टला शेवटच्या चढावर सोस्यूर पंधरासोळा पावले टाकी आणि श्वासासाठी थांबे. सकाळी अकराच्या सुमारास तो वर पोहोचला. खाली शामोनीत त्याची पत्नी आणि मेहुण्या दुर्बिणीला डोळा लावून बसल्या होत्या. तो दिसल्याची खूण म्हणून त्यांनी निशाण उभारले, ते त्याने वरून पाहिले.

येथे कथाकाराला आनंदाश्रू दाखविण्याचा मोह होईल. प्रत्यक्षात सोस्यूरला पहिल्या क्षणी रागच आला होता, असे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. इतक्या वर्षांच्या तळमळीचा आणि चढाईतील कष्टांचा तो राग होता. त्या भरात त्याने शिखरावरील बर्फावर पाय आपटला. मग तो कामाला लागला. साडेचार तास तो तेथे होता. पाणी उकळून पाहिले. ते सुमारे ८६ अंशांवरच उकळले. आकाशाचा निळा रंग किती गडद, हे निळ्या कागदांच्या पट्ट्यांशी ताडून पाहिले. खाली ७२ पडणारी स्वतःची नाडी वर १०० भरली. शिखराची उंची त्याने सुमारे ४,७७५ मीटर काढली. आजच्या मोजणीत ती ४,८०८ मीटरच्या आसपास भरते. तरीही घरी तीन तासांत उरकले असते तेवढेही काम तेथे पुरे झाले नाही, याची खंत घेऊनच तो उतरला. तिसरी रात्र पुन्हा खडकावर काढून ४ ऑगस्टला सर्वजण सुखरूप शामोनीत आले.

ती खंत त्याने पुढल्याच वर्षी फेडली. १७८८ च्या जुलैत मुलाला घेऊन तो सुमारे ३,३५० मीटर उंचीच्या एका खिंडीत दोन आठवड्यांहून अधिक काळ तंबू ठोकून राहिला आणि मोजमापे करीत राहिला. त्याच्या आल्प्समधील प्रवासांचे चार खंड १७७९ ते १७९६ या काळात निघाले. उत्तरायुष्य मात्र कष्टाचे गेले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत संपत्ती बुडाली, १७९४ पासून अर्धांगाने घेरले, आणि २२ जानेवारी १७९९ रोजी त्याचा अंत झाला. त्याचा मुलगा वनस्पतिशास्त्रात नावाजला, आणि भाषाशास्त्राचे अभ्यासक ज्याला मानतात तो फर्दिनां द सोस्यूर त्याचा पणतू.

आता त्या टिपणांकडे वळू. पहिल्या चढाईनंतर बूरी नावाच्या एका हौशी लेखकाने डॉक्टर पाकारचा कमीपणा करणारे पत्र छापले. पुढे १८३२ साली म्हाताऱ्या बाल्माला भेटून कादंबरीकार आलेक्झांडर द्यूमाने जी हकीगत रंगविली, तीत डॉक्टर म्हणजे ओढून नेलेले ओझे ठरला. १८८७ साली शामोनीत सोस्यूर आणि बाल्मा यांचा पुतळा उभा राहिला. बोट दाखविणारा वाटाड्या आणि वर पाहणारा विद्वान. तिसरा माणूस त्यात नाही. विसाव्या शतकात गेर्सडॉर्फची टिपणे अभ्यासकांच्या हाती आली तेव्हा कळले की, डॉक्टर स्वतःच्या पायांनी, बरोबरीने चढला होता. शामोनीत त्याचा पुतळा बसायला १९८६ साल उजाडले. मैफलीचे वृत्त देताना सारंगीवाल्याचे नाव गाळले गेल्याचे आम्हा गाण्यातील लोकांनी पुष्कळदा पाहिले आहे. पण ही चूक दुरुस्त व्हायला दोनशे वर्षे लागली.

आणि वाटाड्यांचे काय? १८२० साली एका परदेशी डॉक्टरच्या मोहिमेवर हिमलोट कोसळून तीन वाटाडे भेगेत गाडले गेले. हिमनदीने त्यांचे अवशेष १८६१ साली कितीतरी खाली आणून सोडले. त्या अपघातानंतर, १८२१ साली, शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापन केला. पाळी, दर आणि आपद्ग्रस्तांच्या घरच्यांसाठी मदत यांचे नियम केले. तो संघ आजही चालू आहे. २०२२ च्या कडक उन्हाळ्यात दगड कोसळू लागले तेव्हा तेथील वाटाड्यांनी नेहमीच्या वाटेने लोकांना वर नेणे काही काळ थांबविले होते. मिळकतीचा हंगाम असूनही थांबविले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आजींच्या दोन शंकांना एवढेच उत्तर आमच्यापाशी आहे. तयारी लांबते ती शिखरासाठी नव्हे. परतीच्या वाटेसाठी लांबते. आणि वाटाड्याची पारख त्याने किती जणांना वर नेले यावरून करू नये. हवा बिघडली असता कितीदा मागे फिरविले, हे त्याला विचारावे. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही निघण्यापूर्वी दोनच गोष्टी सांगितल्या आहेत. वहीत रोजच्या मुक्कामाबरोबर राखीव दिवसही लिही, आणि शिखरावरून आलास तरी न आलास तरी, बरोबरच्या प्रत्येक माणसाचे नाव त्याच वहीत लिहून आण.