युद्ध थांबल्यावरचे बाबासाहेब



संविधानाचे शिल्पकार आणि १९५६ च्या धम्मदीक्षेचे प्रणेते म्हणून आपण बाबासाहेबांना ओळखतो. दुसरे महायुद्ध संपत असताना त्यांनी केलेले काम मात्र आपल्या कार्यक्रमांतून फारसे सांगितले जात नाही.

लष्कर त्यांच्या घरातच होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पुढे १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १११वी महार पलटण उभी केली गेली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. लढून आलेले जवान पुन्हा त्याच महारवाड्यात परतले.

१९४१ मध्ये बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. युद्धकाळात कोळशासाठी स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत उतरवण्यावरची बंदी उठली, तीही त्यांच्याच खात्याच्या कारकिर्दीत. त्यावर टीका झाली. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली.

लढाई चालू असतानाच त्यांनी पुढची तयारी सुरू केली. १९४३ पासून ते पाटबंधारे आणि वीज यांसंबंधीच्या पुनर्रचना समितीचे अध्यक्ष होते. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणारी दामोदर खोऱ्याची योजना याच काळात आकाराला आली.

सैन्य २५ लाखांच्या घरात गेले होते. हे लोक परतल्यावर करणार काय? जुलै १९४५ मध्ये मजूर खात्याखाली पुनर्वसन व रोजगार यंत्रणा उभी राहिली आणि रोजगार विनिमय केंद्रे पसरली. अभियांत्रिकी पूर्ण झाल्यावर वडील मला प्रथम अशाच केंद्रात नाव नोंदवायला घेऊन गेले होते. त्यामागे बाबासाहेबांचे खाते होते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

१९४६ मध्ये कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज यूएईच्या कामगार कायद्यातही ४८ तासांचीच मर्यादा आहे. लेबर कॅम्पमधल्या आपल्या बांधवांना तिचे मोल विचारावे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅबिनेट मिशनपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी संरक्षणे मागितली. सत्तांतराच्या त्या वाटाघाटींतून ती मिळाली नाहीत. पुढे संविधान लिहिताना त्यांनी त्यांतली काही मिळवून दिली.

पहिल्या युद्धानंतर आपली माणसे रिकाम्या हाताने घरी गेली होती. दुसऱ्या युद्धानंतर निदान कामाची, तासांची आणि हक्काची नोंद कागदावर झाली. शांततेला भाकरीचा आणि मानाचा आधार लागतो, हे बाबासाहेबांनी खात्याच्या फायलींमधून करून दाखवले. आपल्यापैकी कुणाची नोकरी गेली, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात पोहोचणे हेही त्याच कामाचा भाग आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!