आगरकर रस्त्यावरचे आघारकर

पावसाळ्यात घाटातल्या ओढ्यात उतरलं की दगडावरून पाय सटकतोच. 'शेवाळ, दुसरं काय!' असं म्हणत आपण पुढं जातो. त्या तपकिरी, बुळबुळीत थराला सूक्ष्मदर्शकाखाली धरणारी माणसं आपल्या कोथरूडपासून हाकेच्या अंतरावर आहेत. नळ स्टॉपवरून लॉ कॉलेज रस्त्याला लागून पुढं गोपाळ गणेश आगरकर रस्ता गाठायचा. तिथं आघारकर संशोधन संस्था आहे. आगरकर रस्त्यावर आघारकर, त्यामुळं हे समाजसुधारकांचंच स्मारक, असा पुष्कळांचा समज होतो. आघारकर मात्र निराळे.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवणचा. मुंबईत शिकून ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. पण त्यांचा जीव रमे तो सह्याद्रीत. सातारा जिल्ह्यातल्या नद्यांच्या पाण्यात त्यांना छत्रीसारखा उघडमीट करत पोहणारा एक लहानसा पारदर्शक जीव दिसला. ती गोड्या पाण्यातली जेलीफिश होती. तिचे सगेसोयरे तोवर फक्त आफ्रिकेत सापडले होते. नदीकाठच्या लोकांनी तो जीव पाहिला नसेल असं नाही; थांबून विचार केला तो आघारकरांनी. १९११-१२ साली ही माहिती जगापुढं आली आणि पंचविशी ओलांडलेला हा तरुण शास्त्रज्ञांना ठाऊक झाला.

पुढं कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचं अध्यासन त्यांच्याकडं आलं. अधिक अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले, तोच पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून तिथं ते शत्रुपक्षाचे ठरले आणि स्थानबद्धता वाट्याला आली. तरीही १९१९ साली बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. मग १९४६ पर्यंत कलकत्ता.

निवृत्तीचं वय झालं की माणूस पेन्शन आणि ठेवींवरचं व्याज यांचा हिशेब मांडतो. बँकेत उमर गेलेल्या मला हे पक्कं ठाऊक आहे. आघारकरांनी त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही नवी संस्था मांडली. उरलेली चौदा वर्षं त्यांनी तिच्यासाठी वेचली. २ सप्टेंबर १९६० रोजी ते गेले. १९९२ साली संस्थेच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. इथले गहू आणि सोयाबीनचे वाण शेतकऱ्यांच्या शिवारात पोचले आहेत.

आणि तो बुळबुळीत थर? त्यात डायटम नावाची एकपेशीय शैवालं असतात. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात, कारण त्यांचं कवच झाकणाच्या डबीसारखं आणि वाळूतल्या सिलिकाचं असतं. पेशी दुभंगली की एकीला झाकण मिळतं, दुसरीला तळ. आणि दोघी आपापल्या भागाच्या आत बसेल असा नवा तळ घडवतात. साहजिकच पिढ्यान् पिढ्या काही डब्या लहान होत जातात. फारच लहान झाल्या की नर-मादी पेशींचा संयोग होतो, जुनी कवचं टाकून दिली जातात आणि पुन्हा पूर्ण आकाराची पेशी जन्मते.

पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा डायटमचा. त्यांच्या कवचांच्या मातीतून पाणी गाळतात. त्याच मातीत नायट्रोग्लिसरीन मुरवून नोबेलनं डायनामाइट केलं. कुठल्या जातीचे डायटम आहेत, यावरून ओढ्याचं पाणी किती बिघडलंय तेही कळतं.

सह्याद्रीच्या ओढ्यांतून डायटमच्या नव्या जाती आजही या संस्थेत शोधल्या जातात. आघारकरांनी स्वतः शोधली ती जेलीफिश. पण वाहत्या पाण्यात वाकून पाहण्याची त्यांची खोड मात्र त्यांच्यामागं टिकली. या पावसाळ्यात पाय घसरलाच, तर ओढ्यावर वैतागण्यापूर्वी नातवंडांना तो दगड जवळून दाखवा.